नवागामची कीर्तनसेवा

मध्य प्रदेशातील मुलताईला उगम पावून, सातपुड्याच्या दक्षिणेने खानदेशाची काळी जमीन भिजवीत, ७२४ किलोमीटरांचा पल्ला ओलांडून तापी जिथे समुद्राला मिळते त्याच्या अलीकडे सुरत वसली आहे. आणि गेल्या तीन पिढ्यांत खानदेशातल्या कोरडवाहू शेतकऱ्यानेही, कापसाला भाव नाही आणि विहिरीला पाणी नाही अशी वर्षे लागोपाठ आली की, नदीच्याच दिशेने आपले बिऱ्हाड हलविले आहे. त्याच्यासाठी वाट तयारच होती. तापी व्हॅली रेल्वे कंपनीने १९०० च्या सुमारास सुरतेपासून अमळनेरपर्यंत रूळ टाकले, तेव्हा तिची नजर खानदेशच्या कापसावर होती. पुढे कापूस राहिला बाजूला आणि कापूस पिकविणारा माणूसच त्या डब्यांतून सुरतेला जाऊ लागला. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली आणि नवागाम या वस्त्यांत आज धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांतली माणसे इतकी दाटली आहेत की, तिथल्या गल्लीतून फिरताना आपण गुजराथच्या हद्दीत आहोत याची आठवण दुकानांच्या पाट्यांनीच काय ती करून द्यावी. ज्या नवसारी मतदारसंघात सुरतेचा पुष्कळसा भाग मोडतो, तिथून लोकसभेवर वारंवार निवडून गेलेले चंद्रकांत पाटील हेही मूळचे जळगाव जिल्ह्यातलेच.

परमुलखात जाताना या माणसांनी भाकरीचा तवा नेला, अहिराणी नेली, श्रावणातली कानबाई नेली आणि विठोबालाही नेले. त्यामुळे माघ महिन्यात नवागामच्या एका सोसायटीत अखंड हरिनाम सप्ताह बसणार असून त्यासाठी आळंदीला शिकलेला एक तरुण महाराज सात दिवस मुक्कामाला येणार आहे, असे अमळनेरच्या एका स्नेह्याकडून कळले, तेव्हा ही यात्रा आपणही करावी असे मनाने घेतले. पंढरपूर, आळंदी, देहू या स्थानी जाऊन वारकरी पाहणे सोपे आहे. क्षेत्राच्या वातावरणातच श्रद्धेला अर्धा आधार मिळालेला असतो. तो आधार जिथे नाही, जिथे इंद्रायणीऐवजी सांडपाण्याची खाडी वाहते, तिथे एखादा विशीतला मुलगा सात दिवसांत काय करतो, हे मला पाहावयाचे होते.

तरुणाने घर सोडून काही काळ परक्या मुलखात धर्मसेवा करावी, ही कल्पना अर्थात एकट्या आपल्याच मातीतली नव्हे. १८३० साली जोसेफ स्मिथने न्यूयॉर्क राज्यात स्थापिलेला आणि पुढे युटाच्या वाळवंटात स्थिरावलेला जो मॉर्मन पंथ, त्यात अठरा-वीस वर्षांच्या मुलाने दोन वर्षे, आणि मुलीने इच्छा असल्यास दीड वर्ष, पंथ पाठवील त्या देशी जाऊन सेवा करावी असा शिरस्ता आहे. पांढरा सदरा, गळपट्टा, छातीवर नावाची काळी पट्टी, सोबतीला नेहमी एक जोडीदार, आठवड्यातला एक दिवस कपडे धुण्यासाठी आणि घरी खुशाली कळविण्यासाठी. आणि खर्चाचा भार बव्हंशी स्वतःवर किंवा आईबापांवर. या पंथाचा मराठी मुलखाशी संबंधही वाटतो त्यापेक्षा जुना आहे. १८५२ च्या सप्टेंबरात ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक मुंबईस उतरून पुण्यास गेला. लष्करी अंमलदारांनी छावणीच्या हद्दीत उपदेश करण्यास मज्जाव केला, तेव्हा हद्दीबाहेर बिऱ्हाड करून त्याने मूठभर अनुयायांची शाखा उभी केली आणि मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिकाही छापविली. १८५५ साली तो समुद्रापार निघून गेला आणि मागे फारसे काही उरले नाही. असे हे प्रवास अपरिचितांकडचे, न मानणाऱ्यांना मानावयास लावण्याचे. नवागामचा प्रवास त्याहून वेगळ्या जातीचा असणार, इतके मला ठाऊक होते. वेगळेपण नेमके कुठे सापडेल हे मात्र ठाऊक नव्हते.

अमळनेरहून सुरतेकडे जाणारी गाडी दोंडाईचा, नंदुरबार करीत जसजशी पश्चिमेला सरकते, तसतशी डब्यातली बोली पालटत जाते. परंतु सर्वांत मौजेचे स्थानक म्हणजे नवापूर. महाराष्ट्र आणि गुजराथ यांची सरहद्द तिथे फलाटाच्या मधून गेली आहे. तिकिटाची खिडकी नंदुरबार जिल्ह्यात, तर स्टेशनमास्तरांची कचेरी तापी जिल्ह्यात; एका राज्यात तिकीट घ्यावे आणि दुसऱ्या राज्यात गाडीची वाट पाहावी. १९६० साली दिल्लीच्या दप्तरात ज्यांनी नकाशावर रेघ ओढली, त्यांच्या ध्यानीमनीही हा फलाट नसेल. माझ्या समोरच्या बाकावर एक कुटुंब बाजरीच्या पिठाची पिशवी, उडदाचे पापड आणि लहान मूल अशी तिन्ही ओझी सारख्याच काळजीने सांभाळीत बसले होते. त्यांना सरहद्द केव्हा मागे पडली याची दादही नव्हती. पुढे सोनगड लागते. १७१९ साली पिलाजीराव गायकवाडांनी हा किल्ला घेतला आणि गायकवाडी दौलतीचा पाया इथेच पडला. त्याच डोंगरातून त्या वेळी मराठी माणूस चौथाई वसूल करण्यासाठी खाली उतरत असे, आज तो बारा तासांच्या पाळीसाठी उतरतो. इतिहासाने घेतलेल्या या वळणाचा खेद मानावा की काय, याचा विचार करीत असतानाच बारडोली मागे पडली आणि उधन्याचे भोंगे कानी आले.

नवागाम हे नाव ऐकून डोळ्यांपुढे खेडे येते. परंतु ते खेडे शहराच्या पोटात केव्हाच गेले. रेल्वेच्या रुळांशेजारी, डिंडोलीला लागून, एकमेकांच्या भिंती वापरणारी अरुंद घरे रांगेने उभी आहेत. तळमजल्यावर मालक, वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू, आणि गच्चीवर पाण्याची टाकी, तुळस व वाळत घातलेल्या शेवया. उत्तरायण होऊन थोडेच दिवस लोटले असल्यामुळे विजेच्या तारांवर फाटके पतंग आणि गुलाबी मांजा लोंबत होता. कोपऱ्यावर लोच्याची गाडी, तिच्या शेजारी शेवभाजीचे दुकान, त्यापलीकडे ओडिया माणसाची पानपट्टी. मुले आपसांत गुजराथी बोलतात, आईशी अहिराणी, भाजीवाल्याशी हिंदी. सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजराथीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया आणि तेलुगू माध्यमांतूनही चालतात, एवढी एक गोष्ट सांगितली म्हणजे या शहराची घडण ध्यानात यावी.

माझ्या यजमानांची हकीकत या वस्तीतल्या कोणत्याही घराची म्हणून चालेल. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून झाल्यावर वडिलांनी शिंदखेडे तालुक्यातले गाव सोडले. यजमान स्वतः दहाव्या वर्षापासून लूमच्या खात्यात बॉबिन उचलू लागले. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगचा गवगवा झाला तेव्हा सारे कुटुंब मिळेल त्या गाडीला लोंबकळत गावी पळाले आणि महिनाभरात पुन्हा परतले, कारण, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, प्लेग कधीतरी येतो आणि भूक रोज येते. २००६ च्या ऑगस्टात उकाईचे पाणी सुटून शहर बुडाले, तेही त्यांनी पाहिले. आता दोन मजली घर आहे, मुलगा कापडबाजारात हिशेब लिहितो, आणि सप्ताहाच्या मंडळाचे खजिनदारपद त्यांच्याकडे आहे.

सोसायटीच्या मोकळ्या जागेत मंडप पडला होता. एका अंगाला विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्ती, मध्ये व्यासपीठ, समोर पारायणाला बसणाऱ्यांच्या लाकडी घोड्या रांगेने मांडलेल्या, आणि मूर्तीसमोर वीणा. सप्ताहाचा खरा प्राण या वीणेत आहे. ती एकदा उभी राहिली की सात अहोरात्र तिचा स्पर्श जमिनीला व्हावयाचा नाही आणि गळ्यातून गळ्यात जाताना तिचा नाद तुटावयाचा नाही. दोन दोन तासांचा पहारा धरला तर सात दिवसांत चौऱ्यांशी पहारे भरतात. त्यांची यादी एका साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून खांबाला टांगली होती, आणि ती वाचताना या सप्ताहाची सारी रचना मला उलगडली. मध्यरात्री बारा ते दोन, दोन ते चार हे पहारे दिवसपाळीवाल्यांचे, सकाळी आठ ते दहा, दहा ते बारा हे रातपाळीवाल्यांचे, दुपारचे म्हाताऱ्यांचे, आणि पाळी बदलण्याच्या वेळी, म्हणजे सकाळी व संध्याकाळी सातच्या आगेमागे, दुकानदार आणि शिक्षक यांची नावे. नवागामच्या आसपासच्या खात्यांत लूम रात्रंदिवस चालतात. एका कारागिराने हात काढण्यापूर्वी दुसऱ्याने हात घातलेला असतो, म्हणून खडखडाट कधी थांबत नाही. जे हात तिथे माग न थांबविण्याचे शिकले, तेच हात इथे वीणा न थांबविण्याचे काम करीत होते.

एका पहाटे पहाऱ्याचा हा बदल मी जवळून पाहिला. उभा असलेला इसम चाळिशीचा, अनवाणी, डोळे झोपेने लाल. येणारा नुकताच अंघोळ करून आलेला, कपाळी ओला बुक्का. येणाऱ्याने वाकून पायांना हात लावला, उभ्याने तसाच वाकून परत केला. मग वीणेचा पट्टा जुन्याच्या गळ्यात असतानाच नव्याने त्यातून आपले डोके घातले, क्षणभर दोघेही त्या एकाच पट्ट्यात अडकल्यासारखे उभे राहिले, नव्याची बोटे तारेवर पडली, आणि मगच जुन्याने मान काढून घेतली. हे सारे होईपर्यंत दोघांपैकी एकानेही एकमेकांकडे पाहिले नाही. नंतर चौकशी करता कळले की, एक कुणबी पाटील होता आणि दुसरा मातंग समाजातला; गावी असते तर हे दोघे इतक्या निकट आले असते की नाही याची मला शंका आहे.

आता महाराजांविषयी. वय बावीस-तेवीस, पारोळ्याकडचे घर, अंगाने किडकिडीत, मिसरूड अजून पुरती भरली नव्हती. चार वर्षे आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत काढलेली. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली ही संस्था काढली, तेव्हा त्यांच्याजवळ ना इमारत होती ना निधी. मुलांनी माधुकरी मागावी, ज्ञानेश्वरी आणि गाथा पाठ करावी, संस्कृत शिकावे, आणि चार वर्षांनी बाहेर पडून गावोगाव कीर्तनसेवा करावी, इतकीच तजवीज होती. जोगमहाराज स्वतः पुण्याचे, तरुणपणी कुस्तीचा नाद असलेले. म्हणूनच की काय, पाठांतराची शिस्तही त्यांनी तालमीसारखी ठेविली. शंभर वर्षांत त्या संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलांनी महाराष्ट्राचा कानाकोपरा धुंडाळला आहे; आणि महाराष्ट्राच्या हद्दीबाहेर जिथे मराठी वस्ती आहे तिथेही ते पोचतात, याची ग्वाही हा मुलगा होता. त्याच्याजवळ एक पिशवी, दोन धोतरे, टाळ, ज्ञानेश्वरी, गाथा आणि तारखांची एक डायरी एवढाच जामानिमा होता. व्यासपीठचालक म्हणून सातही दिवस पारायण त्याने चालवावे आणि रात्रीच्या कीर्तनाला रोज एकेक नामांकित महाराज बाहेरून यावेत, अशी योजना होती.

त्याचा दिवस साडेतीनला सुरू होई. चारला काकडा, सहाला चहा, सातपासून पारायण. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या सात दिवसांत संपवावयाच्या म्हणजे रोज बाराशे-तेराशे ओव्यांचा मजकूर एका लयीत पुढे न्यावा लागतो. वेग वाढला तर म्हाताऱ्या मागे राहतात, मंदावला तर रातपाळीवरून थेट आलेल्यांचे डोळे मिटतात. हे दुसरे वाचक मला विशेष लक्षात राहिले. सात वाजता पाळी सुटली की काही जण घरी न जाता मंडपाबाहेरच्या नळावर हातपाय धुऊन घोडीपुढे बसत. केसांत धाग्याचा बारीक पांढरा भुसा तसाच. त्यांच्या कानांना बारा तासांच्या खडखडाटानंतर हलका आवाज ऐकू येत नसे, म्हणून ते मोठ्याने वाचीत, आणि मोठ्याने वाचणाऱ्यांभोवती आपोआप सगळ्यांचा स्वर गोळा होई. गुजराथी शाळेत शिकणारी एक चौदा वर्षांची मुलगी आजीच्या पोथीतून वाचताना अडखळत होती. हिंदीच्या जोरावर अक्षरे तिला येत होती, पण तेराव्या शतकातली मराठी तिच्या जिभेवर गुजराथी हेल घेऊन उतरत होती. नेवाशाच्या खांबाला टेकून हा ग्रंथ सांगणाऱ्याने तो हेल ऐकून कपाळाला आठी घातली असती असे मला वाटत नाही. महाराजांनीही तिला एकदाही टोकले नाही. फक्त ती ज्या ओवीवर थांबे तिथे ते आपला स्वर किंचित उंच करीत, एवढेच.

पारायणानंतर जेवण, घटकाभर विश्रांती, आणि मग घरभेटी. ही पद्धत मंडळाने घातलेली नव्हती. लोक येऊन बोलावीत आणि हा उठून जाई. ‘जेवाले चाला महाराज’ हे आमंत्रण एका दुपारी तीन-तीन घरांतून येई. एका खोलीत चार बायका साड्यांच्या ढिगाऱ्यात बसून भरतकामाचे लोंबते धागे कातरीत होत्या. साडीमागे मिळणारे दाम बोटांवर मोजण्याइतके, आणि संध्याकाळी टेम्पो येण्याआधी गठ्ठा संपलाच पाहिजे. त्यांना मंडपात येणे शक्य नव्हते. हा दारात बसला आणि हरिपाठ म्हणू लागला, आणि कात्र्या चालू ठेवूनच त्यांनी मागे म्हटला. दुसऱ्या घरी एक वृद्ध पक्षाघाताने खाटेवर. त्याच्या बायकोने महाराजांच्या पायांवर डोके ठेवण्यापूर्वीच याने वाकून तिच्या पायांना हात लावला. म्हातारी गडबडून गेली, मग डोळे पुशीत तिने विचारले, ‘तुम्हनी माय कोठे ऱ्हास?’ तो उत्तरला, पण उत्तर देण्याआधी थोडा थांबला. घर सोडून आलेल्या मुलाला असा प्रश्न जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात केव्हातरी विचारला जातच असावा, मग त्याच्या छातीवर नावाची पट्टी असो की गळ्यात तुळशीची माळ.

माळेवरूनच ती घटना सांगावयास हवी, जिच्यासाठी या साऱ्या प्रवासाचे सार्थक झाले असे मी मानतो. सप्ताहाच्या मध्यावर एक मिलकामगार महाराजांच्या खोलीवर आला. पांडेसऱ्याच्या रंगाईच्या मिलमध्ये नोकरी. हातांच्या नखांत निळा रंग मुरलेला. व्यसनाने घर विस्कटले होते. (गुजराथ राज्यात त्याच्या जन्मापासून दारूबंदी आहे, तरीही दारू सोडण्याचा निश्चय करण्याची पाळी तिथे माणसावर येतेच, यावरून कायद्याच्या आणि बाटलीच्या हाताची लांबी ताडून पाहावी.) त्याचे म्हणणे एवढेच की, महाराजांनी आताच्या आता आपल्या गळ्यात माळ घालावी. माळ म्हणजे वारकरी पंथाची दीक्षा: पंढरीची वारी, एकादशीचे व्रत, मद्यमांसाचा त्याग. खोलीत मंडळाचे चार-दोन कार्यकर्ते होते. त्यांचे चेहरे उजळले. सप्ताहात एखाद्याने माळ घेतली तर तो सप्ताह फळाला आला असे मानण्याची रीत आहे, आणि उद्याच्या कीर्तनात ध्वनिक्षेपकावरून ते जाहीरही करता आले असते.

त्या बावीस वर्षांच्या मुलाने माळ घालण्याचे नाकारले. आवाज न चढविता तो म्हणाला की, माळ घालण्याचा अधिकार ज्यांना आहे ती वडीलधारी माणसे वेगळी आहेत. आपण अजून शिकणारे आहोत. तुम्ही चैत्री वारीला पंढरपुरास या, फडावरच्या ज्येष्ठांच्या हातून माळ घ्या, मी बरोबर येतो. शिवाय, आज रागाच्या आणि रडण्याच्या भरात घेतलेली माळ उद्या तुटली तर माळेपेक्षा माणूस जास्त तुटेल. कार्यकर्ते नाराज झाले. तो कामगारही क्षणभर अपमानित झाल्यासारखा दिसला. तेव्हा महाराजांनी उठून पहाऱ्याचा पुठ्ठा मागविला, रात्री दोन ते चार या रकान्यात त्याचे नाव आपल्या हाताने लिहिले आणि सांगितले, ‘तोपर्यंत हे करा.’ दारूड्याच्या हाती वीणा द्यावी की काय यावरून संध्याकाळी मंडळात खडाजंगी झाली. यजमानांनी मध्यस्थी केली. आणि त्या रात्री तो माणूस दोन वाजता आला. पुढच्या रात्रीही आला. त्यानंतरचे मला ठाऊक नाही.

धर्मप्रसाराच्या इतिहासात सुरतेला स्वतःचे स्थान आहे, आणि त्या पार्श्वभूमीवर हा नकार मला अधिकच अर्थपूर्ण वाटला. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा फादर अँब्रोज या कापुचिन पाद्र्याच्या मठाला त्यांनी धक्का लावला नाही, असे बर्निये लिहून ठेवतो. १८१५ साली लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि फायव्ही इथे आले, गुजराथी शिकले, बायबलाचे भाषांतर करून ते छापले, आणि गुजराथी मुद्रणाच्या इतिहासात आपला वाटा नोंदवून गेले; पुढे त्यांचे काम आयर्लंडच्या प्रेस्बिटेरियन मिशनने हाती घेतले. हे लोक कष्टाळू होते, विद्वान होते, आणि कित्येकांनी याच हवेत देह ठेविला. त्यांच्याविषयी आदर बाळगूनही म्हणावेसे वाटते की, त्यांच्या वार्षिक अहवालांत बाप्तिस्म्याच्या संख्येचा एक रकाना असे, आणि वरिष्ठांची नजर प्रथम त्या रकान्याकडे जाई. नवागामच्या मुलाला असा रकाना नव्हता, आणि मंडळाने तो आखू पाहिला तर त्याने आखू दिला नाही. तो ज्यांच्याकडे आला होता ती माणसे विठोबाला मानणारीच होती. त्यांना जे उणे पडत होते ते श्रद्धेचे नव्हे, श्रद्धेला लागणाऱ्या निवांतपणाचे. बारा तासांच्या दोन पाळ्यांच्या फटीत तो निवांतपणा कुठे बसवावा, हे पुठ्ठ्यावर लिहून देणे हीच त्याची सेवा होती. सेवा म्हटले म्हणजे काहीतरी देणे असे आपण समजतो. इथे तो बहुतांशी वेळापत्रक सांभाळीत होता.

पाचव्या रात्री ज्यांचे कीर्तन होते त्यांची गाडी वाटेत अडकून पडली, आणि आठ वाजता खजिनदारांनी महाराजांना उभे राहण्यास सांगितले. टाळकरी दोन्ही अंगांना उभे राहिले, मृदंगाला कणीक लागली, आणि ज्ञानोबा-तुकारामांचा गजर झाला. प्रारंभी मुलगा पाठांतराच्या आधाराने चालला होता. प्रमाणांची माळ सफाईने ओवली जात होती, आणि श्रोते आदराने पण दुरून ऐकत होते. मागच्या बाजूला भ्रमणध्वनी पाहणारी पोरेही होती. मग तुकोबांच्या दुष्काळाचा प्रसंग आला. १६३० च्या आगेमागे पडलेला तो भयंकर दुष्काळ, दुकानाचे निघालेले दिवाळे, अन्नावाचून गेलेली पहिली बायको, आणि अखेर इंद्रायणीत सोडून दिलेली कर्जखते, हे सांगताना त्याने आळंदीची छापील भाषा सोडली आणि तो सरळ अहिराणीत बोलू लागला. पावसाने दगा दिल्यावर गुरे कशी विकली जातात, सावकारापुढे बाप कसा उभा राहतो, आणि आई रात्री डब्यातले पीठ कसे चाचपून पाहते, हे त्याने बहुधा ग्रंथात वाचलेले नव्हते. मंडपात हालचाल थांबली. माझे यजमान पुढच्या रांगेत मांडी घालून बसले होते; १९७२ साली खडी फोडणाऱ्या बापाचा तो मुलगा दोन्ही तळहातांनी आपले गुडघे घट्ट धरून होता. कीर्तनकाराचा आवाज एक-दोनदा चिरकला, एक प्रमाण अर्धवट राहिले, मृदंगाचा एक बोलही चुकला. व्युत्पन्न श्रोत्याने त्या कीर्तनाला फार गुण दिले नसते. मी स्वतः याहून सुघड कीर्तने पुष्कळ ऐकली आहेत. परंतु इतके लागलेले क्वचित.

काल्याच्या दिवशी दहीहंडी फुटली आणि महाप्रसादाला खानदेशी पद्धतीची वरण-बट्टी झाली. गव्हाच्या जाड दळलेल्या पिठात ओवा, हळद आणि तेलाचे मोहन घालून त्याच्या वळकट्या करायच्या, त्या वाफेवर उकडायच्या, निवाल्या की सुरीने कापून तेलात तळायच्या. मग पत्रावळीवर बट्टी चुरून तिच्यावर वरण, वर तुपाची धार, शेजारी घोटलेल्या वांग्यांची भाजी. हजारोंचा स्वयंपाक रात्री दोन वाजता चुलाण्यांवर चढला होता आणि भाजी घोटण्यास लाकडी दांडे घेऊन उभे राहिलेले लोक लूमचेच कारागीर होते. पहिली पंगत सोसायटीतल्या ओडिया आणि बिहारी भाडेकरूंची बसली; पाहुणे आधी, घरचे मागून, हा इथला शिरस्ता. एका ओडिया गृहस्थाने तिसऱ्यांदा वरण मागून घेतले आणि आपल्या गावच्या जगन्नाथाच्या महाप्रसादाची महती मला तितक्याच तपशिलाने ऐकविली.

दुपारी पाने उचलल्यावर खजिनदारांनी ध्वनिक्षेपकावरून हिशेब वाचला: वर्गणी, अन्नदात्यांची नावे, मंडप, वीज, तेल, किराणा, कीर्तनकारांची बिदागी, एकेका पावतीच्या क्रमांकासह, आणि शिल्लक पडलेली रक्कम पुढील वर्षीच्या मंडपासाठी ठेवावी की वीणेला नवी पेटी करावी यावर तिथल्या तिथे वाद सुरू झाला. पेटीचा पक्ष जिंकला. महाराजांनी आपल्या बिदागीच्या पाकिटातून एक नोट काढून पेटीच्या वर्गणीत टाकली, तिचीही पावती फाडण्यात आली. मग पुढल्या सप्ताहाची तारीख निघाली. काहींना तो दिवाळीत हवा होता, कारण तेव्हा खाती बंद असतात. त्यावर बायकांनी निक्षून सांगितले की दिवाळीला आम्ही गावी जाणार, आणि सप्ताह ऐकावयाला इथे भिंती राहतील. अखेर माघच कायम झाला. महाराजांनी डायरी उघडून पाहिली. तो आठवडा चाळीसगावाकडच्या एका गावाला आधीच दिलेला होता. ‘त्यांना पुढे-मागे सरकवितो,’ असे म्हणण्याचा मोह त्याला झालाच नसेल असे नाही, पण शब्द दिला आहे एवढेच तो बोलला, आणि आपल्याबरोबर शिकलेल्या दुसऱ्या एका मुलाचे नाव व भ्रमणध्वनीचा क्रमांक त्याने पहाऱ्याच्या त्याच पुठ्ठ्याच्या मागे लिहून दिला. खजिनदारांनी तो तुकडा कापून खिशात ठेवला, आणि रातपाळीला जाणारी मंडळी डबे घेऊन उठली.